चौथ्या मजल्यावरून वाईपर्यंत

शववाहिका घेऊन सोसायटीत शिरलं की मी आधी लिफ्ट बघतो. पुण्यातल्या जुन्या इमारतींमधल्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावत नाही. त्या दिवशी सिंहगड रोडला तेच झालं. चौथा मजला, मूळचे वाईचे आजोबा, घरात मुलगा, सून आणि भाचा. जिन्यानं उतरवायला निदान चार माणसं हवीत. पाय पुढे, डोकं वरच्या बाजूला, छातीला आणि गुडघ्यांना पट्टे आवळलेले. नाहीतर वळणावर देह घसरतो. समोरचं दार उघडलं आणि मिटलं. शेवटी वॉचमन आणि दूधवाला पुढे आले. शहरात माणुसकी आटली असं मी म्हणणार नाही. शेजाऱ्याचं नावच ठाऊक नसेल, तर माणूस दारात येऊन बोलणार तरी काय? खेड शिवापूरला शववाहिकेला टोल माफ असतो, पण मागच्याचा हॉर्न काही थांबत नाही.

खंबाटकी उतरून सुरूर फाटा आला की गावी फोन करायचा. वाईत पोचलो तर सगळी तयारी झालेली. दोन लांब बांबू, आडव्या कामट्या, सुंभाचे वेढे, वर कडबा. मडकं, गोवऱ्या, पांढरं कापड बाजूला काढलेलं. पावसाळा म्हणून तीनशेऐवजी चारशे किलो लाकूड, तेही छपराखालचं सुकं, आधीच स्मशानात पोचलं होतं. पैशांचं कुणी बोललं नाही. तो हिशेब दहाव्यानंतर.

बाजारातून जाताना दुकानांची शटरं अर्धी खाली आली, मोटारसायकलवाल्यांनी इंजिन बंद करून पाय टेकले. खांदेकरी सारखे बदलत होते. नवा माणूस बाजूनं आत शिरतो, त्याचा खांदा लागल्याशिवाय आधीचा सोडत नाही. समोरासमोर सारख्या उंचीचे लागतात, नाहीतर तिरडी कलते. हे कुणाला सांगावं लागलं नाही.

हा मान सगळ्यांच्या वाट्याला येतो असं मात्र नाही. जातवार वेगळी स्मशानं अजून कित्येक गावांत आहेत, आणि शटर कुणासाठी उतरतं हेही ठरलेलं असतं.

संध्याकाळी कडू घास शेजारून आला, पिठलं-भाकरी. मुलगा दुसऱ्या दिवशी वाईच्या नगरपालिकेत नोंद करायला जाणार होता. एका निवृत्त कारकुनानं त्याला तिथेच अडवलं: मृत्यू पुण्यात, म्हणून नोंदही पुण्यातच, 21 दिवसांच्या आत. डॉक्टरांचा नमुना 4अ, म्हणजे मृत्यूच्या कारणाचा दाखला, आणि इथली स्मशानाची पावती जपून ठेवा, झेरॉक्स काढा. पुण्यात कुठल्या क्षेत्रीय कार्यालयात जायचं, तेवढं मी सांगितलं.