प्रोव्हान्सला येताय? मग लॅव्हेंडर आणि लॅव्हेंडिन ओळखायला शिका

जुलैत दक्षिण फ्रान्सला येणारी मंडळी वालेन्सोलच्या पठारावर फोटो काढतात आणि लॅव्हेंडर पाहिलं म्हणून खूश होतात. तिथं बहुतेक लॅव्हेंडिन असतं, म्हणजे संकर. त्याला बी धरत नाही. सगळी लागवड छाट कलमांची, म्हणून झुडपं एकसारखी गोल. खरं लॅव्हेंडर साधारण आठशे मीटरच्या वर, सो गावाच्या बाजूला. वालेन्सोलला जूनच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत या. त्यानंतर कापणीयंत्रं फिरतात आणि शेतात नुसती खुंटं उरतात. सोचा बहर थोडा उशिरा येतो.

ओळख सोपी आहे. एक दांडी घ्या. टोकाला एकच कणीस असेल तर खरं. खाली दोन बाजूंना छोटे फाटे फुटले असतील तर लॅव्हेंडिन. फूल चुरगाळलं की लॅव्हेंडिनला कापराची झाक येते. देठ दोन्हींचा चौकोनी, आपल्या तुळशीसारखाच, कारण कूळ एकच.

भावातला फरक इथूनच सुरू होतो. एक किलो तेलाला खऱ्या लॅव्हेंडरचा सव्वाशे किलोच्या आसपास फुलोरा लागतो, लॅव्हेंडिनचा चाळीस-पन्नास किलो पुरतो. साबणाला लॅव्हेंडिन उत्तमच, पण त्याला खऱ्याचा भाव का द्यायचा? बाटलीवर ‘लावांदुला आंगुस्टिफोलिया’ हे खऱ्या लॅव्हेंडरचं शास्त्रीय नाव शोधा. ओत-प्रोव्हान्सच्या, म्हणजे प्रोव्हान्सच्या डोंगराळ भागातल्या, खऱ्या तेलाला 1981 पासून मूळस्थानाचा अधिकृत दर्जा आहे.

खाण्यात फक्त खरं लॅव्हेंडर. अर्धा लिटर गरम दुधाला अर्धा चहाचा चमचा सुकी फुलं, गॅस बंद करून पाच-सात मिनिटं झाकून ठेवा, मग गाळा. जास्त वेळ राहिलं तर कडवट होतं, आणि फुलं जास्त पडली तर दूध साबणासारखं लागतं. वेलची सोबत नको, दोन्ही वास भांडतात.

रोप पुण्या-नाशिकला लावायचं म्हणत असाल, तर ऊन त्याला मारत नाही, मारतो तो पाऊस. पाणी साचलं की मुळं कुजतात. काळी माती टाळा; निम्मी माती, निम्मी जाड रेती, कुंडीला मोठी भोकं. पावसाळ्यात कुंडी वळचणीच्या आत, पण उजेडात. कडाक्याची थंडी नसल्यानं फुलं कमीच येतील, पानांच्या वासावर समाधान मानायची तयारी ठेवा. बहर ओसरला की छाटा, मात्र हिरव्या भागातच. खालच्या जुन्या लाकडावर कात्री गेली तर तिथून सहसा फूट येत नाही.