झीज कुठे पडते, ते आधी बघा

कपाटाला जुनेपणा आणायचा म्हटलं की बहुतेकजण आधी साखळी शोधतात. लाकडावर आपटायची, खड्डे पाडायचे, वरून गडद पॉलिश फिरवायचं. रंगकाम शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, हत्यार उचलण्याआधी रोजच्या वापरातलं एखादं जुनं कपाट नीट बघा.

मुठीभोवतीचा रंग लवकर उडतो, कारण तिथे नखं घासतात. पल्ल्याची उघडणारी उभी कड झिजते, बिजागरीकडची मात्र जवळजवळ कोरी राहते. तळपट्टीला झाडू, ओलं फडकं आणि पाय लागतात. पल्ल्यावरच्या नक्षीच्या खाचांत फडकं पोचतच नाही, तिथे मळ साचतो. उंचवट्यावर झीज, खाचेत मळ. सगळ्या कडा सारख्याच घासलेलं कपाट मला लांबूनही खुपतं.

माझी आवडती पद्धत मेणाची. खालचा रंग पुरता वाळला की जिथे झीज हवी तिथेच पांढरी मेणबत्ती घासायची आणि वरून दुसरा रंग द्यायचा. तो वाळल्यावर 220 नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला की मेणावरचा रंग सुटतो आणि खालचा डोकावतो. त्याची कड तुटक, वेडीवाकडी येते. नुसत्या पेपरने घासलं तर तीच कड गुळगुळीत उतरते आणि हात ओळखू येतो. शेवटचं कोटिंग देण्याआधी उरलेलं मेण मात्र पुसून काढावं, नाहीतर कोटिंग धरत नाही.

खाचांतल्या मळासाठी तेलाधारित गडद ग्लेझ, म्हणजे खालचा रंग दिसू देणारा पातळ, अर्धपारदर्शक रंग. त्याच्या आधी लाखेचा एक पातळ हात देतेच देते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, टर्पेंटाइनमध्ये नाही. त्यामुळे ग्लेझ जास्त झाला तर ओला असताना टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसता येतो आणि खालच्या रंगाला धक्का लागत नाही. फडकं सपाट जागेवरून ओढायचं, कोपऱ्यात खुपसायचं नाही.

कोऱ्या लाकडासाठी व्हिनेगर आणि स्टील वूल, म्हणजे बारीक लोखंडी तारांचा गुंता! स्टील वूल व्हिनेगरमध्ये भिजत ठेवलं की लोखंड हळूहळू विरघळतं. यात हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून बरणीचं झाकण घट्ट लावू नये. हे पाणी ओकवर फिरवलं की आधी फक्त ओलसर दिसतं, मग डोळ्यांदेखत राखाडी होत काळपट होतं. ही लोखंडाची आणि लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याची करामत. पाइनमध्ये टॅनिन कमी, म्हणून त्याला आधी कडक चहाचा हात द्यायचा आणि तो वाळू द्यायचा. दोन फळ्यांवर सारखा रंग कधीच येत नाही, आणि मला त्यातच खरी गोडी वाटते. तरी पल्ल्यावर लावण्याआधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर बघून घ्या.

खड्डे हवेच असतील तर ते रंगाआधी पाडा, म्हणजे रंग त्यांत मुरतो. किडीची भोकं टोच्याने करायची तर ती रांगेत नकोत, दोन-तीन घोळक्यांत करा.

मुळातच जुन्या असलेल्या कपाटाला मात्र पेपर लावण्याआधी रंग तपासून घ्या. जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि त्याची धूळ पोटात-फुप्फुसात जाणं घातक आहे. विनियरवर, म्हणजे वरून चिकटवलेल्या लाकडाच्या पापुद्र्यावर, दाब देऊ नका, थर फार पातळ असतो. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या, पल्ल्यावर तर घासूच नका, खालून लाकूड न निघता तपकिरी भुसा निघेल. तिथे ग्लेझ आणि गडद मेणावरच काम भागवा.