जबाबदार व्यक्तीचा एकच रकाना

आमच्या नागपूरच्या शाळेत शिस्तीची जबाबदारी एकट्या मुख्याध्यापकांकडे न ठेवता तीन शिक्षक, एक पालक आणि आळीपाळीने निवडलेले दोन विद्यार्थी अशा गटाकडे द्यावी, हा ठराव शाळा व्यवस्थापन समितीत फारशी खळखळ न होता संमत झाला. या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असा नियम आहे. मुलाला वर्गाबाहेर उभे करून नेमके काय साधते, हा प्रश्न तिथे एका आईनेच विचारला. वर्गाचे नियम मुलांनी शिक्षकांसोबत ठरवावेत आणि मारामारी झाल्यास दोघांना समोरासमोर बसवून नुकसानभरपाईचा मार्ग त्यांच्याकडूनच काढून घ्यावा, एवढाच आमचा आराखडा होता.

घोडे अडले ते शिक्षण विभागाच्या कार्यालयात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनअखेरीस उघडतात, त्याआधी ठरावाची नोंद व्हावी म्हणून आम्ही ऐन मे महिन्यात खेटे घालत होतो. विहित नमुन्यात ‘जबाबदार व्यक्तीचे नाव’ असा एकच रकाना होता आणि आम्ही तिथे गटातील सर्वांची नावे लिहिली होती. संबंधित लिपिकांचे म्हणणे असे, की उद्या काही घडले तर नोटीस कोणाच्या नावे काढायची? जबाबदारी वाटून घेता येते, ही कल्पनाच त्या टेबलाला मान्य नव्हती. प्रकरण त्रुटी काढून परत आले, आणि नवी त्रुटी अशी, की चुकांनुसार शिक्षांचा तक्ता जोडलेला नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली असताना शाळेकडून असा तक्ता मागवला जावा, याचा संताप मला आजही आवरत नाही. मी ते कलम पत्रात शब्दशः उतरवून दिले. त्यानंतर साहेब रजेवर होते, मग बैठकीला होते, मग दौऱ्यावर होते.

शेवटी तोडगा कागदीच निघाला. रकान्यात ‘मुख्याध्यापक, गटाच्या वतीने’ असे लिहिले, गटाची नावे जोडपत्रात घातली आणि तक्त्याचे मथळे ‘घटना’ व ‘शाळेने करावयाची कृती’ असे ठेवले. तो विनातक्रार स्वीकारला गेला. हे आधी सांगायला हवे होते : इतिवृत्तात सूचक आणि अनुमोदक यांची नावे असू द्यावीत, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.