फ्रुक्टोज आणि अर्ध्यावर अडणारी गाडी

परवा कपाट आवरताना बारावीची केमिस्ट्रीची वही सापडली. त्यात माझ्याच अक्षरात, खाली दोन रेघा मारून, "उत्प्रेरक म्हणजे स्वतः न बदलता अभिक्रियेचा वेग बदलणारा पदार्थ". पाठ होतं हो, कळलं नव्हतं काही. कळलं ते बऱ्याच वर्षांनी आणि तेही फ्रुक्टोजमुळे, म्हणजे फळातल्या साखरेमुळे.

आपली नेहमीची साखर म्हणजे सुक्रोज, ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडगोळी. नुसत्या पाण्यात ठेवली तर ही जोडी आपोआप सुटायला शेकडो वर्षं लागतील (खरंच, फेकत नाहीये). पण त्यात थोडं आम्ल घालून गरम करा, नाहीतर इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम (म्हणजे सजीवांनी बनवलेला उत्प्रेरक) टाका, की बघता बघता सुटते. फळ पिकताना आत हेच चालू असतं आणि मधमाशीसुद्धा मकरंदात असंच एन्झाइम मिसळते. आता इन्व्हर्टेज हे नाव का, तर साखरेचं द्रावण ध्रुवित प्रकाशाचं (म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाचं) प्रतल उजवीकडे वळवतं आणि साखर तुटली की तेच द्रावण डावीकडे वळवायला लागतं, कारण ग्लुकोज उजवीकडे ओढतो पण फ्रुक्टोज डावीकडे त्याहून जोरात ओढतो. १८५० मध्ये विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने हा वळण्याचा कोन कसा सरकतो ते मोजत बसून आम्लातल्या अभिक्रियेचा वेग काढला, आणि १९१३ मध्ये मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी एन्झाइमचं ते प्रसिद्ध समीकरण मांडलं तेही इन्व्हर्टेजवरच काम करून. म्हणजे आम्हाला परीक्षेत छळणारा अर्धा चॅप्टर साखरेच्या पाण्यातून आलाय!

पण माझी ट्यूब पेटली ती पुढच्या गोष्टीत. ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचं सूत्र एकच, सहा कार्बन, बारा हायड्रोजन, सहा ऑक्सिजन, फरक एवढाच की ऑक्सिजनचा दुहेरी बंध ग्लुकोजमध्ये टोकाच्या कार्बनवर आणि फ्रुक्टोजमध्ये त्याच्या शेजारच्यावर. ग्लुकोज आयसोमरेज हे एन्झाइम तो इकडचा तिकडे करतं, मक्याच्या स्टार्चपासून गोड सिरप बनवतात ते याच्याच जोरावर. मला वाटायचं, मग भरपूर एन्झाइम ओता आणि सगळ्याचं फ्रुक्टोज करून टाका की! नाही होत. ६० अंश सेल्सिअसच्या आसपास साधारण निम्मं-निम्मं झालं की गाडी अडते, कारण उत्प्रेरक जायचा रस्ता जेवढा सोपा करतो तेवढाच परतीचाही करतो. वेग त्याच्या हातात, समतोल (म्हणजे जाणं-येणं सारखं होऊन गाडी जिथे थांबते ते प्रमाण) नाही. तिथवरचा शेवटचा टप्पाही फार रखडतो म्हणून कारखाने ४२ टक्क्यांवरच थांबतात, मग त्यातलं काही कॉलममधून वेगळं काढत ९० टक्क्यांपर्यंत नेतात आणि परत मिसळून ५५ टक्केवालं सिरप करतात. एवढा द्राविडी प्राणायाम फक्त समतोलापायी.

हेच काम कथिल घातलेलं झिओलाइट (बारीक छिद्रांचं खनिजासारखं घन) हेही करतं, एन्झाइमवाचून, आणि आम्लातही टिकतं. पण त्यालाही समतोल चुकत नाही.

आणि आम्ल तर दुतोंडीच. सुक्रोज तोडून फ्रुक्टोज मोकळा करणारं तेच, आणि तापवत राहिलात तर त्याच फ्रुक्टोजमधून पाण्याचे तीन रेणू काढून त्याचं एचएमएफ (हायड्रॉक्सिमिथिलफरफ्युरल नावाचं संयुग) करणारंही तेच. मध मुळात आम्लधर्मी, त्यात फ्रुक्टोज भरपूर, त्यामुळे तो जास्त तापवला किंवा फार दिवस ठेवला की एचएमएफ वाढतं, आणि प्रयोगशाळेत तेवढं मोजून मधाला किती भाजून काढलंय ते ओळखतात.