सोप्यातला दिवाण

जेवणं आटोपून मी जरा टेकले होते, तेवढ्यात भाचीचा फोटो आला. कोल्हापुरातल्या ताराबाई पार्कात तिनं नवा फ्लॅट घेतलाय आणि सध्या ती दिवसरात्र फर्निचर बघते. फोटोत एक लांबोडकी, बिनपाठीची बैठक. वर कातड्याची गादी, खाली बारीक पोलादी पाय आणि एका टोकाला पट्ट्यानं आवळलेला एकच लोड. खाली तिचा मजकूर : "मावशी, डे-बेड. मी हाच घेतो म्हणतोय. कसा हाय?"

किंमत वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. शून्यं तेवढीच होती. मूळ आकृती म्हणे मीस व्हॅन डर रोह या जर्मन वास्तुरचनाकाराची, 1930 सालची. न्यूयॉर्कमधल्या कुणाच्या तरी घरासाठी काढलेली. असेल. मी तिला एवढंच विचारलं, "दुसरा लोड कुठाय?"

शिवाजी पेठेतल्या आमच्या दिवाणाला लोड दोन आणि तक्के तीन. सहा बाय तीन, सागवानी, कातीव खुरांचा. आबांनी लाकूड टिंबर मार्केटातून स्वतः निवडून आणलं होतं आणि सुताराला दारातच कामाला बसवलं होतं. सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, शिरलं की डाव्या हाताला तो असायचा. वर सोलापुरी चादर, तिच्या चारी कडा गादीखाली घट्ट खोचलेल्या. त्या कुणी विसकटल्या तर आजी बोलायची नाही, नुसती येऊन पुन्हा खोचायची. ते बोलण्यापेक्षा वाईट.

दिवाणाचं पोट मात्र खरं बघण्यासारखं. गादी गुंडाळून फळ्या उचलल्या की डांबराच्या गोळ्यांचा वास अंगावर यायचा. आत गोधड्या, लग्नातली पितळी घागर, जुन्या साडीत गुंडाळलेले गौरींचे मुखवटे, कुणाच्या तरी पाळण्याच्या दोऱ्या, आणि एक कंदील जो कधी लागला नाही आणि कधी टाकलाही नाही. गौरी आणायच्या आदल्या दिवशी हे पोट उघडायचं आणि आम्ही पोरं अर्धी आत उतरायचो. आत्ताच्या दिवाणांना हायड्रॉलिक असतं. बोट लावलं की झाकण वर. सोयीचं आहे, पण चौघांनी मिळून गादी उचलताना जी भांडणं व्हायची ती त्यात नाहीत.

तर, या दिवाणावर झोपायचं कुणी, याचा कायदा होता. लिहिलेला नाही, पण पक्का. दुपारी एक ते तीन आबा, तोंडावर 'पुढारी' पसरून. ते उठले की तालमीतून आलेले काका, जे पडले की खूर कुरकुरायचे. जावई आले तर जावई. मुंबईचा पाहुणा आला तर रात्रीचा तो. अगदी घरपट्टीची चौकशी करायला आलेला माणूससुद्धा उन्हाचा एकदा तिथं लवंडल्याचं मला आठवतं. आम्ही पोरं कुणी नसताना उड्या मारायचो. बायका काठावर बसायच्या. बसायच्या म्हणजे टेकायच्या. पाठ लोडाला लागलेली मी बघितली नाही. त्यांची दुपार माजघरात, चटईवर, डोक्याखाली हात.

आता यात आमच्या घराचंच काही विशेष होतं असं नाही. जुने रोमन लोकही डाव्या कोपरावर रेलून जेवायचे, तीन बाजूंना तीन बैठका आणि एकेकीवर तिघं. व्हॅलेरियस मॅक्सिमस नावाचा रोमन लेखक नोंदवून ठेवतो, की पूर्वी पुरुष लवंडून जेवायचे आणि बायका शेजारी बसून. वाचलं तेव्हा मला थेट आमचा सोपा दिसला. (लवंडून तांबडा रस्सा ओरपून बघा एकदा. चादरीचं काय होतं ते मी सांगायला नको.) रोमचं आणि कोल्हापूरचं नातं तसं जुनं आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात 1940 च्या दशकात तिकडच्या वस्तू निघाल्या, त्यातली पोसायडन या समुद्रदेवाची छोटी ब्राँझ मूर्ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. एवढ्या लांबून आला तो देवही उभाच आहे बिचारा.

पुढं युरोपात हे उलटलेलं दिसतं. 1800 साली दाविद या फ्रेंच चित्रकारानं काढलेलं मादाम रेकामियेचं चित्र पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. पांढरा झगा, अनवाणी पाय, लांब बैठकीवर रेललेली आणि मान वळवून बघतेय, कोण आलंय म्हणून. उठायचा विचारसुद्धा नाही. चित्र अपुरं राहिलं, पण तसल्या बैठकीला तिचं नाव कायमचं चिकटलं. आमच्या सोप्यात ती असती तर आजीनं तिला आधी पाय पोटाशी घ्यायला लावले असते.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी बहिणीच्या गल्लीत शिरलं आणि ती मंडळी आमच्याकडं राहायला आली. तिच्या सासूबाईंना रात्री दिवाणावर झोपा म्हटलं, तर म्हणाल्या, "सोप्यात? बाईमाणसानं?" शेवटी खाली सतरंजीवर झोपल्या, दिवाणाला पाठ लावून. दिवाण रात्रभर रिकामा. पाणी उतरल्यावर आम्ही सगळे चिखल काढायला गेलो. त्यांचा प्लायवूडचा बॉक्स दिवाण भाकरीसारखा टम्म फुगला होता, हात लावला की पापुद्रे सुटत होते. गल्लीभर तसल्या फर्निचरचा ढीग. शेजारच्या घरातली जुनी सागवानी कॉट तेवढी धुऊन सावलीत वाळवली आणि पुन्हा आत गेली. भाचीला मी हे आठवण करून दिलं. ती म्हणाली, "मी सहाव्या मजल्यावर हाय, मावशी." बरोबर आहे.

आई त्या दिवाणावर आडवी झाली ती ऑपरेशननंतर. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलं होतं, म्हणून बिछाना सोप्यात. भेटायला माणसं यायची आणि दारात चपला वाजल्या की ती उठायला बघायची. टाके ताजे. "अगं, पड की," बाबा म्हणायचे. "पडते," म्हणायची आणि कोपरावर जोर देऊन उठायचीच, पदर सारखा करत, आलेल्याला जागा देत. बाबांना त्यात नवल वाटायचं. मला तेव्हा नुसता राग यायचा, आणि तो तिच्यावरच यायचा.

दिवाण आता माझ्याकडं आहे. घरात मी आणि नवरा, सोप्यात झोपू नको म्हणणारं कुणी उरलेलं नाही. दुपारी मी तिथंच पसरते, दोन्ही लोड घेऊन. बेल वाजली की मात्र ताडकन उठून बसते आणि हात खांद्याकडं जातो, अंगात गाऊन असला तरी. बहुतेक वेळा कुरिअरवाला असतो. तो तर वर बघतही नाही, ओटीपी मागतो.