तुम्ही विचारलंत म्हणून: आकडे मिळत असताना टाकीसमोर कशाला?

'कृत्रिम बुद्धिमत्ता पीआयडी कंट्रोलरचे आकडे क्षणात काढून देते, मग विद्यार्थ्यांना पाण्याच्या टाकीसमोर तासन्‌तास कशाला उभे करता?' असे मला पालक विचारतात आणि कारखान्यांत रुळलेले माजी विद्यार्थीही विचारतात. पीआयडी कंट्रोलर म्हणजे टाकीतली पातळी हवी तिथे राहावी म्हणून व्हॉल्व्ह आपोआप कमी-जास्त उघडणारे उपकरण; त्याने किती जोराने प्रतिसाद द्यायचा, हे या आकड्यांवर ठरते. ते काढणे झीग्लर आणि निकोल्स या अभियंत्यांच्या १९४२ च्या नियमांनीच पुष्कळ सोपे केले होते. अवघड असते ते पातळी हेलकावे का खाते आहे, हे ओळखणे.

म्हणून आम्ही एका प्रयोगात कंट्रोल व्हॉल्व्हचे पॅकिंग, म्हणजे दांड्याभोवतीची गळती रोखणारी भरण, मुद्दाम जास्त आवळून ठेवतो. पातळी वरखाली होऊ लागते, विद्यार्थी तिचा आलेख कृत्रिम बुद्धिमत्तेला दाखवतात आणि 'गेन कमी करा', म्हणजे हव्या आणि प्रत्यक्ष पातळीतल्या फरकाला कंट्रोलर देत असलेला प्रतिसाद सौम्य करा, असे उत्तर बहुधा मिळते. केवळ आलेखावरून ते वाजवीच आहे. पण गेन कमी केल्यावर हेलकावे संथ होतात, थांबत मात्र नाहीत. व्हॉल्व्हचा दांडा अडकलेला असताना कंट्रोलरची इंटिग्रल क्रिया (वेळेबरोबर बेरीज करणारा भाग) चूक, म्हणजे पातळीतला तो फरक, साठवत राहते, जोर घर्षणावर मात करण्याइतका वाढला की दांडा झटक्यात हवा त्यापेक्षा पुढे सरकतो आणि हाच खेळ उलट्या दिशेने सुरू होतो. अशा वेळी कंट्रोलर मॅन्युअलवर टाकावा लागतो, म्हणजे व्हॉल्व्हला जाणारा आदेश (आउटपुट) हाताने ठरवावा लागतो. हेलकावे थांबले, तर कारण लूपच्या, म्हणजे मापन, कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह यांच्या साखळीच्या, आतच आहे, हे कळते. मग आउटपुट थोडे थोडे बदलून दांड्याकडे पाहत राहायचे: काही पायऱ्यांपर्यंत तो हलत नाही आणि मग एकदम उडी घेतो.

हे निरीक्षण शब्दांत लिहून दिले, तर तीच कृत्रिम बुद्धिमत्ता बहुतेक वेळा घर्षणाचे निदान सुचवते आणि पुढची चाचणीही सांगते. या टप्प्यावर ती मला मनापासून हवी आहे, कारण एका शिक्षकाला प्रत्येक गटाशी इतका वेळ बोलता येत नाही. ज्या महाविद्यालयांत अशी उपकरणे नाहीत, त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईने इंटरनेटवरून चालवता येणारी, खरा हीटर आणि पंखा असलेली छोटी यंत्रणा विकसित केली; कल्पित आकड्यांपेक्षा तिच्यावरची नोंद मला कितीतरी मोलाची वाटते.

आमच्याकडे विद्यार्थ्याने आधी स्वतःचा अंदाज जर्नलमध्ये लिहायचा, नंतर कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारायचे आणि दोन्ही उत्तरे उपकरणावर तपासायची, असा क्रम आहे. गुण त्या तपासणीला मिळतात.