अंजिराच्या पानावरचे टाके

श्रावणातला उघडिपीचा रविवार होता. घरातील सगळी मंडळी बारशासाठी कऱ्हाडला गेली होती आणि सर्दीमुळे मी एकटीच साताऱ्यात मागे राहिले होते. असा मोकळा दिवस वर्षातून एखाद-दुसराच मिळतो, म्हणून चहा, अर्धवट राहिलेली गोधडी, दुर्बीण आणि वही असा सगळा पसारा मी सकाळीच परसदारच्या पायरीवर मांडला. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबरला आणि सालिम अलींचा 12 नोव्हेंबरला येतो. या दोन तारखांच्या दरम्यान आपल्याकडे पक्षी सप्ताह साजरा होतो. त्यानिमित्त शाळेच्या भित्तिपत्रकासाठी शिंपी पक्ष्यावर लेख देण्याचे मी कबूल केले होते. पहिले वाक्य मनात तयारच होते, ते बसल्याबसल्या लिहूनही टाकले : ‘शिंपी पानाला टाका घालतो आणि प्रत्येक टाक्यानंतर चोचीने गाठ मारतो.’ वाक्य मला फार आवडले.

परसात नेहमीची वर्दळ होती. पेरूवर बुलबुलांची जोडी होती, अळूच्या वाफ्यात सातभाई पालापाचोळा उलथापालथा करत भांडत होते. दहाच्या सुमारास अंजिराच्या झाडातून ‘टुविट-टुविट’ असा खणखणीत आवाज आला. जेमतेम 13 सेंटिमीटरच्या जिवाला एवढा मोठा आवाज कशाला लागतो, हे मला कधीच उमगलेले नाही.

दुर्बीण लावली तेव्हा कपडे वाळत घालण्याच्या दोरीपासून दोन हातांवर एक रुंद पान कडेने वळू लागलेले दिसले. विणीच्या हंगामात नराच्या शेपटीतील मधली पिसे लांबतात; माझ्या समोरच्या पक्ष्याची शेपटी आखूड होती, म्हणजे ती मादी होती. आपण सरसकट ‘शिंपी’ म्हणत असलो तरी शिवणकाम मुख्यतः तीच करते. तिने पानाच्या कडेला चोचीने बारीक भोक पाडले, कोळ्याच्या जाळ्याचा तंतू त्यातून आरपार ओढला, मग समोरची कड जवळ घेऊन तिलाही भोक पाडले. भोके इतकी सूक्ष्म असतात की पान करपत नाही, आणि पानाची वरची बाजू बाहेर राहत असल्याने हिरव्या गर्दीत घरटे डोळ्यांना सापडत नाही. एक तंतू निसटला, तेव्हा ती उडून गेली आणि दुसरा घेऊन आली. माझ्या मांडीवरचा दोरा तिने उचलला असता तर लेखाला झकास शेवट मिळाला असता. पण त्याच्याकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही.

तासभर पाहिले, गाठ काही दिसेना. तंतूचे टोक भोकातून बाहेर आले की पिंजल्यासारखे फुगते आणि तिथेच अडकून बसते, एवढाच सारा आधार. खरे तर हा टाका नव्हेच. लोहार पत्र्याला रिबिट ठोकतो, त्या जातीचे ते काम आहे.

दुपारभर मी गोधडीला धावदोरा घालत राहिले. आईच्या जुन्या लुगड्यांचे चार थर, कडेपासून आत आत येणाऱ्या चौकटी, आणि दोरा संपला की थरांच्या मध्ये लपवलेली गाठ, हे सगळे आईनेच शिकवले. एका कोपऱ्यात गंमत म्हणून गाठ न मारता दोऱ्याचे टोक नुसते पिंजून ठेवले. चौथ्याच टाक्याला दोरा सुळकन निघून हातात आला, मग मुकाट्याने गाठ मारली.

चार वाजता वही उघडून ते आवडते वाक्य खोडले. त्याच्या जागी नवे वाक्य बसवायला मात्र संध्याकाळ झाली, कारण ‘शिवते’ लिहिले की गाठ आपोआप डोळ्यांपुढे येते आणि ‘रिबिट’ लिहिले की चिमणीएवढ्या पाखराच्या हाती हातोडा आल्यासारखे वाटते. अखेर ‘पानाच्या दोन कडा ती कोळिष्टकाने अडकवून ठेवते’ एवढ्यावर थांबले. वाक्य साधेच आहे, पण ते मी पाहिलेले आहे.

सातच्या सुमारास मंडळी परतली. वाळत घालायची दोरी अंजिरावरून सोडून पेरूला का बांधली, असे सासूबाईंनी विचारले. मी त्यांच्या हाती दुर्बीण दिली.